चहाच्या कोपऱ्यामागची भिंत

अलेक्झांड्रियाच्या त्या सरकारी इस्पितळात इजलाल शुक्रीला येऊन दोनच महिने झाले होते. शिक्षणानं ती अणुइंजिनीयर. समुद्रकाठी होणार होणार म्हणून गाजलेल्या अणुभट्टीच्या भिंती किती जाड हव्यात, याची गणितं तिनं बारा वर्षं केली. भट्टी काही उभी राहिली नाही. शेवटी चाळिशीत तिनं नव्यानं परीक्षा दिली आणि किरणांपासून माणसं जपायची ही नोकरी धरली.

एक्स-रे खोलीच्या भिंतीपलीकडे बय्यूमीकाकांचा चहाचा कोपरा होता. काका दिवसभर भिंतीला पाठ लावून बसत. त्या सकाळी इजलालनं त्यांच्या स्टुलावर किरणं मोजायचं यंत्र ठेवलं आणि पलीकडे रिकाम्या खोलीतलं एक्स-रे यंत्र तंत्रज्ञाला चालवायला सांगितलं. काटा उसळला.

तिनं गिलावा खरवडला. कधीतरी एसीची नळी न्यायला कुणी आतल्या, किरणं अडवणाऱ्या शिशाच्या पत्र्यासकट भिंत फोडली होती आणि वर नुसता चुना फासला होता.

"अकरा वर्षं बसतोय गं पोरी, काय झालंय मला?" काका कुरकुरले. "माझी जागा नको घालवूस."

"जागा राहील, काका. भोक जाईल."

तिनं यंत्राची किल्ली काढून खिशात टाकली. संचालक डॉ. रिफात तणतणत आले.

"बाहेर चाळीस रोगी बसलेत! म्हाताऱ्याला जिन्याखाली बसवा आणि यंत्र सुरू करा."

"उद्या इथं दुसरं कुणी बसेल. तातडीचे रोगी वरच्या यंत्राकडे पाठवलेत मी."

"इंजिनीयरबाई, ही तुमची अणुभट्टी नव्हे!"

"नाहीच. ती भिंत कागदावर होती. हिला टेकून माणूस बसतो."

"मत्रूहला बदली करीन. वाळवंटात बसा वाळू मोजत."

"करा. पण आधी शिशाचा पत्रा मागवा."

खिशातली किल्ली तिनं सोडली नाही. ती काकांच्या स्टुलावर बसून राहिली. बाहेर रोग्यांचा गलका वाढला, तसे रिफात दारातून ओरडले, "अरे, गवंड्याला बोलवा कुणीतरी!"

दुपारी पत्रा बसला. तिनं पुन्हा मोजलं. काटा जागचा हलला नाही, तेव्हा किल्ली दिली.

संध्याकाळी बदलीचा कागद आलाच. तिनं सही केली आणि खाली एक ओळ लिहिली: 'मत्रूहच्या एक्स-रे खोलीचा नकाशा मला आधी पाठवावा.'