धुळाजीच्या अंगातला देव

निजामाच्या अमलात वडवणीच्या डोंगराकडच्या एका गावात महादेवाच्या कावडीचा मान धुळाजीकडे होता. शिवरात्रीला गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, पाणी खांद्यावर घ्यायचं आणि कावड कुठेही जमिनीला न टेकवता पळत देवळात आणायची. पोचेपर्यंत धुळाजीची छाती धडधडा उडायची, हातपाय लटलटायचे, डोळे पांढरे व्हायचे. गुरव शहादेव त्याच्या छातीवर तळवा ठेवायचा आणि म्हणायचा, "आला. इचारा आता."

मग लोक विचारायचे. पाऊस कधी, हरवलेली म्हैस कुठे. शेवटी धुळाजीचीच बायको भिवराबाई पुढे यायची. तिचा एकुलता मुलगा बंकट रेल्वेच्या कामावर गेलेला, आणि मानमोडीच्या तापाच्या साथीपासून त्याचा ठावठिकाणा नव्हता. ती पदर पसरून म्हणायची, "देवा, माझा बंकट येईल का?" धुळाजीच्या तोंडून देव म्हणायचा, "येईल." तेवढ्यावर बाई वर्ष काढायची. धुळाजीला शुद्धीवर आल्यावर यातलं काही आठवत नसे. देव काय बोलला ते भिवराबाईच त्याला घरी सांगायची.

एका वर्षी शेवटच्या चढणीला त्याचा पाय लचकला आणि कावड टेकता टेकता राहिली. गडी मानी. दिवाळीपासून तो रोज पहाटे भरल्या घागरी खांद्यावर घेऊन माळाची चढण पळू लागला. आधी छातीचे ठोके कानात वाजायचे, घागर निसटेल या धास्तीनं तळहात गार पडायचे. माघ उजाडला तेव्हा चढण तीच, ओझंही तेच, पण छाती रवंथ करणाऱ्या बैलासारखी शांत. आजचा डॉक्टर सांगेल की सरावलेल्या शरीराला तेच ओझं हलकं जातं. दमताना अंगात जो घाबरण्याचा रस उसळतो तो कमी उसळतो आणि काळीज सावकाश चालतं. पण गावात तेव्हा डॉक्टर नव्हता, देव होता.

त्या शिवरात्रीला धुळाजी देवळात आला तो नीट श्वास घेत. थेंबभर पाणी सांडलं नव्हतं. शहादेवनं छातीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला आणि काढून घेतला. "न्हाई आला. कावून रुसला, कुनाला ठावं." लोक पांगले. मेहनतीचं हे असं चीज झालं. भिवराबाई पदर पसरून तशीच उभी राहिली. त्यानंतर तिचं अन्नावरून मन उडालं ते उडालंच.

उन्हाळ्यात वडवणीच्या बाजारात बंकटच्या रेल्वेच्या टोळीतला एक गडी धुळाजीला भेटला. बंकट मानमोडीतच गेला, असं त्यानं सांगितलं. धुळाजीनं ते पोटात ठेवलं. बायको आधीच निम्मी झालेली, तिला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यानं ठरवलं, औंदा आपणच घुमायचं आणि "येईल" म्हणून टाकायचं. बाई जगेल तरी.

शिवरात्र आली. देवळाच्या पायरीवर त्यानं खोट्या धापा टाकल्या, डोळे फिरवले, अंग झोकून दिलं. आत काळीज थंड होतं. पण भिवराबाई कुणासाठी थांबली नाही. वर्षभर कोंडलेली बाई ती, सगळ्यांना सारून पुढे आली आणि तिनं पदर पसरला. "देवा, माझा बंकट येईल का?"

तिचा चेहरा समोर आला आणि गंगेपासून पळत येऊन न हललेली धुळाजीची छाती घण घातल्यासारखी उडू लागली. शहादेवनं तळवा टेकवला आणि समाधानानं मान हलवली. "आला."

एवढा सोपा शब्द, पण धुळाजीच्या तोंडून तो बाहेर पडेना. "बाई, त्याची वाट बघू नको," तो म्हणाला. "त्यो माझ्यापाशी हाय."

भिवराबाईनं आकांत केला नाही. तिनं पदर सावरला आणि नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं.

घरी आल्यावर तिनं त्याला घोंगडीवर बसवलं, पाणी दिलं आणि जवळ बसून पाठीवर हात ठेवला. "तुमास्नी ठावं नसंल, देव काय बोलला ते," ती हळू आवाजात म्हणाली. "आदी पानी प्या. बंकट देवापाशी हाय. तुमी जिवाला लावून घेऊ नका, मी हाय न्हवं."

धुळाजीला तेव्हा कुठे रडू फुटलं, आणि ती रात्रभर त्याची समजूत घालत राहिली.