चौथ्या शीलापाशी अबोल

त्या वर्षी जो तो एका माणसाला एकच सांगत होता, की शांत राहा. तो माणूस लिफ्टचा मेकॅनिक होता. वय अठ्ठेचाळीस, हात राकट, जीभ त्याहून राकट. बरोबरचे लोक त्याला ओळंबा म्हणायचे. लिफ्टचे रूळ सरळ बसलेत की नाही हे दोरीला टांगलेलं वजन जसं दाखवतं, तसं याच्यापुढे कुणाचं वाकडं बोलणं टिकायचं नाही. निदान तसा त्याचा लौकिक होता. आणि याच माणसाने एक दिवस टेबलावरून पुढे सरकवलेल्या खोट्या कागदावर निमूट सही केली!

झालं ते असं. सहा मजली इमारत, सगळ्या कचेऱ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या दाराचं लॉक झिजलं होतं. लिफ्टचा नियम साधा असतो. दार नीट लागलं नसेल तर लिफ्ट हलता कामा नये, आणि लिफ्ट समोर उभी नसेल तर दार उघडता कामा नये. लॉक झिजल्यामुळे दार नुसतं ओढलं तरी उघडायचं, लिफ्ट वाटेल तिथे अडकायची आणि कचेऱ्यांतून फोनवर फोन यायचे. ओळंब्याने मॅनेजरला सांगितलं, नवं लॉक येईपर्यंत लिफ्ट बंद ठेवू.

"चार दिवसांचा प्रश्न आहे," मॅनेजर म्हणाला. "लॉक बाजारात मिळत नाहीये. तार जोड आणि चालू कर."

तार जोडली की दार उघडं असलं तरी लिफ्टला ते बंदच वाटतं. ओळंब्याने तार जोडली. स्वतःच्या हाताने. नंतर तपासणीच्या वहीत लिहिलं, 'तिसरा मजला, लॉक खराब, तार जोडली आहे, लिफ्ट बंद ठेवावी.' लिहिलं म्हणजे आपण सुटलो, असं त्याला वाटलं. जसं काही लोक लिफ्टमध्ये शिरण्याआधी वही वाचून शिरतात!

चौथ्या दिवशी सकाळी सफाईच्या मावशींनी एका हातात बादली धरून दुसऱ्या हाताने ते दार ओढलं आणि रोजच्या सवयीने पाऊल आत टाकलं. लिफ्ट पहिल्या मजल्यावर होती. मावशी तिच्या टपावर जाऊन आदळल्या. जीव वाचला, मांडीचं हाड मोडलं.

जे लॉक चार दिवस बाजारात मिळत नव्हतं ते त्या दिवशी तासाभरात मिळालं. ओळंब्यानेच ते बसवलं आणि तार काढली. वहीतलं पान कधी फाटलं ते कुणी पाहिलं नाही. दोन दिवसांनी मॅनेजरने टाइप केलेला जबाब पुढे ठेवला. तपासणीत लॉक ठीक होतं, बाईंनी घाईघाईत जोर लावून दार उघडलं असावं.

"हे खोटं आहे," ओळंबा म्हणाला.

"मग खरं लिहू या," मॅनेजर गोड आवाजात म्हणाला. "तार कोणी जोडली तेही लिहू. लायसन्स कोणाचं जाईल?"

ओळंब्याने सही केली. सगळं खापर मावशींच्या माथ्यावर फुटलं. त्यांचं काम गेलं. इमारतीतले लोक म्हणाले, या बायकांना घाईच फार. मावशींच्या स्वतःच्या चाळीतल्या शेजारणीसुद्धा म्हणाल्या, बघून पाऊल टाकायला काय झालं होतं? एकोणीस वर्षं त्या बाईने तिथल्या फरशा पुसल्या होत्या, आणि तिला दार उघडता येत नाही असं ठरवून सगळे मोकळे झाले.

ओळंबा मात्र मोकळा झाला नाही. आधी जेवण कमी झालं, मग आंघोळ दिवसाआड, मग चार दिवसांनी. दाढी वाढली. कपडे अंगावरच मळायचे. बायको विचारायची, काय होतंय? तो म्हणायचा, काही नाही. बायकोलाही त्याने सांगितलं नव्हतं. एक दिवस त्याच्या कामावरच्या जोडीदाराने घरी येऊन तिला जिन्यात गाठलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, "वहिनी, हा लिफ्टचं दार उघडून खाली बघत उभा राहतो. हाक मारली तरी हलत नाही. मला भीती वाटते."

कंपनीलाही दया आली म्हणे. कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी तिने एक शिबिर ठेवलं. इस्त्रीच्या कपड्यातल्या एका गृहस्थाने सगळ्यांना डोळे मिटायला लावून सांगितलं, जे झालं ते वाहून जाऊ द्या, राग सोडा, स्वतःला माफ करा. पहिल्या रांगेत मॅनेजर बसला होता. त्याने इतकं छान डोळे मिटले आणि इतका प्रसन्न चेहरा केला, की ते पाहून ओळंब्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पान फाडणाऱ्याने राग सोडायचा म्हणजे काय सोडायचं? आणि हाड मोडलेल्या बाईऐवजी यांनीच एकमेकांना माफ करायचं?

बायको अशा मऊ गोष्टी सांगणारी नव्हती. एका रविवारी तिने त्याला हाताला धरून उठवलं आणि टायरच्या दुकानावरच्या खोलीत नेलं. तिथे विहार होता. चटया, एक बुद्धमूर्ती, कोपऱ्यात पाण्याचा माठ, आणि सत्तरीचे एक भंते, जे खालच्या हातोड्यांच्या आवाजात रोज ध्यान शिकवायचे. ओळंब्याने मनाशी ठरवलं होतं, इथेही शांतीचं प्रवचन झालं तर सरळ उठून जायचं.

भंतेंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग विचारलं, "नखं शेवटची कधी कापली?"

"काय?"

"नखं. उद्या कापून या. आंघोळ करून या. आणि काही खाऊन या, रिकाम्या पोटी बसलात तर इथे नुसती भूकच दिसेल."

ओळंबा जिन्यावरून उतरताना फणफणला. "मी मरायला टेकलोय आणि हा माणूस माझी नखं बघतो!"

"मग काप ना," बायको म्हणाली. रागावली की ती त्याला अरेतुरे करायची. "मरायचं असलं तरी स्वच्छ मर."

त्याने नखं कापली, निव्वळ चिडून. आंघोळ केली, तीही चिडूनच. पण दुसऱ्या दिवशी गेला. भंतेंनी त्याला श्वास पाहायला बसवलं. श्वास आत येतो, बाहेर जातो, लक्ष भरकटलं की परत आणायचं, बस. पहिल्या आठवड्यात त्याला श्वासापेक्षा मॅनेजरच जास्त दिसला. तसं त्याने सांगितलं तर भंते म्हणाले, "दिसू द्या. नाव घ्या, 'राग आलाय' म्हणा, आणि परत श्वासावर या. रागाशी भांडत बसू नका, आणि त्याला लपवूही नका." राग सोडा असं ते एकदाही म्हणाले नाहीत. ओळंब्याला त्याचंच बरं वाटलं.

दिवस असेच गेले. सकाळी आंघोळ, मग वीस मिनिटं बसणं, मग गरम जेवण. रविवारी स्वतःचे कपडे स्वतः धुणं. झोप परतली. दार उघडून खाली बघत राहणं थांबलं. बायकोने सुटकेचा नि:श्वास टाकला. इथे गोष्ट संपवता आली असती, आणि पुष्कळ लोकांना ती इथेच संपलेली आवडली असती.

पण रोज बसण्याआधी सगळे मिळून पंचशील म्हणायचे. भंते एकेक शील सांगत आणि मागोमाग सगळे ते म्हणत. जीव घेणार नाही, न दिलेलं घेणार नाही, व्यभिचार करणार नाही. ओळंबा खणखणीत म्हणायचा. चौथं शील आलं, खोटं बोलणार नाही, की त्याच्या तोंडाला कुलूप लागायचं. पाचव्याला आवाज परत. शेजारी बसणाऱ्या बायकोला वाटायचं, याला खोकला आवरत असेल. भंतेंना तसं वाटलं नाही. पाचव्या महिन्यात एक दिवस त्यांनी त्याला थांबवून घेतलं.

"चौथ्या शीलाला तुम्ही मुके होता."

"म्हणवत नाही, भंते."

"नुसते ओठ हलवण्यापेक्षा बरं केलंत. का म्हणवत नाही?"

त्याने सगळं सांगितलं. तार, वही, पान, सही. बायको तिथेच होती, तिनेही पहिल्यांदाच ऐकलं. सांगून झाल्यावर तो वाट पाहत राहिला. आता हेही म्हणतील, तुमचाही नाइलाज होता.

"मावशी आता चालतात का?" भंतेंनी विचारलं.

ओळंबा चटईची एक काडी उपटत राहिला.

"कुठे राहतात?"

"माहीत नाही."

म्हाताऱ्याचा आवाज चढला. "पाच महिने रोज वीस मिनिटं स्वतःचा श्वास बघताय. त्या बाईला श्वास घेतानाही कळ येते का, हे एकदा जाऊन विचारायला वेळ झाला नाही? तुम्हाला बरं कशासाठी केलं? छान झोप लागावी म्हणून?"

ओळंब्याला शरमेने मान वर करवेना. मग चिडून तो म्हणाला, "लायसन्स जाईल माझं. नोकरी जाईल."

"जाईल बहुतेक," भंते म्हणाले. हे गोड करून सांगायला ते तयार नव्हते. "म्हणूनच आज पोटभर जेवा आणि झोपा. उद्या ताकद लागेल."

घरी जाताना बायको अर्ध्या रस्त्यापर्यंत चार पावलं पुढेच चालत राहिली. मग म्हणाली, "इतके दिवस मी तुमची कीव करत होते. मला सांगायचं तरी." आणि रात्री तिनेच कागद आणून पुढे ठेवला.

त्याने स्वतःच्या अक्षरात नवा जबाब लिहिला. तार मी जोडली. सांगितली मॅनेजरने, जोडली मी. वहीत मी लिहिलं होतं, ते पान आता नाही. आधीच्या जबाबावरची सही माझी आहे आणि तो जबाब खोटा आहे. मावशींनी जोर लावला नाही. ते दार कुणाच्याही हाताने उघडलं असतं.

लिफ्ट तपासणाऱ्या सरकारी कचेरीत त्याने तो दिला आणि पोच म्हणून एका प्रतीवर शिक्का मारून घेतला. तिथल्या साहेबांनी तो दोनदा वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं. "विचार केलाय ना?" दुपारपर्यंत मॅनेजरचा फोन आला आणि नोकरी गेली. लायसन्सची चौकशी लागली. आता शांत राहा असं मात्र कुणी म्हणालं नाही.

मावशींचा पत्ता त्याला इमारतीच्या पहारेकऱ्याने दिला. अरुंद जिना, दर मजल्यावर चार खोल्या, बाहेर कठडा. मावशी दाराशी स्टुलावर बसल्या होत्या, काखेला कुबडी. पूर्वी त्या याला दादा म्हणायच्या, लिफ्ट उघडून बसलेला दिसला की पाणी आणून द्यायच्या.

"आता आलास?" त्या म्हणाल्या.

त्याने जबाबाची प्रत पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली नाही. "मला वाचता येत नाही, हे ठाऊक आहे ना तुला? वाच."

त्याने वाचली. मावशी ऐकत होत्या, ओठ घट्ट मिटून. संपल्यावर तो म्हणाला, "मावशी, मला माफ..."

"माफीचं नंतर बघू. देईन की नाही मलाच माहीत नाही." त्या कुबडीवर भार टाकून उठल्या. वेदनेने चेहरा आवळला, पण त्याने पुढे केलेला हात त्यांनी झिडकारला. कठड्याशी जाऊन त्यांनी खाली आणि वर हाका मारल्या, प्रत्येक शेजारणीला, ज्या म्हणाल्या होत्या बघून पाऊल टाकायला काय झालं होतं. दारं उघडली. बायका बाहेर आल्या, कुणी पदराला हात पुसत, कुणी कडेवर मूल घेऊन.

"हं," मावशी त्याला म्हणाल्या. "आता मोठ्याने वाच. सुरुवातीपासून."

त्याने वाचलं. 'तार मी जोडली' इथे त्याचा आवाज फाटला, तरी तो थांबला नाही. शेवटच्या ओळीपर्यंत कठड्यावर कुणी हललं नाही. एका बाईने मान खाली घातली. मावशी एकेकीच्या तोंडाकडे पाहत होत्या, सावकाश, सगळ्यांकडे.

मग वरच्या मजल्यावरचं एक दार वाजलं, आणि कुणीतरी उशिरा बाहेर आलं.

"परत वाच," मावशी म्हणाल्या. "तिने ऐकलं नाही."