कंदिलाच्या काठीवरचा अँटेना

त्या रविवारी सासऱ्यांची बॅग सकाळपासून दाराशी भरून ठेवलेली होती. सोमवारी दुपारच्या गाडीने ते मराठवाड्यात, गावच्या घरी परत निघाले होते. सासूबाई गेल्यावर आम्हीच त्यांना भाईंदरला आणलं होतं. गावच्या घरात आता कुणीच नाही. का जाताय विचारलं की एकच, "इथं आपलं केंद्र लागंना, पोरी."

केंद्र म्हणजे तिकडचं रेडिओ केंद्र. त्यांचा सेलवरचा जुना रेडिओ आमच्या फ्लॅटमध्ये नुसता खरखरायचा. अख्ख्या बिल्डिंगचे एलईडी दिवे आणि चार्जर जणू त्यात शिरून बसलेले. नवऱ्याने तेच केंद्र मोबाईलवर लावून दिलं. बाबा थोडा वेळ ऐकून म्हणाले, "ह्यात गाव लांब हाय असं वाटतच न्हाई." मला आधी हसू आलं, मग कळलं, त्यांना आवाज लांबून आलेलाच हवा होता. त्यांनी जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

मी काशीमीऱ्याला एका वर्कशॉपात सर्किट बोर्डांना सोल्डर मारते. म्हटलं, दिवसभर लोकांसाठी करते, घरच्या माणसासाठी का नाही? ॲक्टिव्ह अँटेना म्हणजे काही डोंगर उचलायचा नसतो. हातभर तार, तिच्या बुडाशी एक ट्रान्झिस्टर, चार-दोन सुटे पार्ट आणि छोटी चौकोनी बॅटरी. तारेने पकडलेला बारीक सिग्नल ट्रान्झिस्टर जपून केबलने रेडिओपर्यंत पोचवतो. दुपारी जोडलं, आणि ऐटीत बाहेर ग्रिलमध्ये टांगलं.

खरखर दुप्पट!

"वा! लईच जोरात लागलं की गं," बाबा म्हणाले. असा राग आला म्हणून सांगू!

आमच्याकडे ग्रिल म्हणजेच बाहेर. कपडे तिथे, तुळस तिथे, कांदे-बटाटे तिथे. दिवेलागणीला, रेडिओ खरखरतच असताना, तणतणत अँटेना काढायला गेले, तर तार वाळत घातलेल्या साडीत अडकलेली. सोडवताना अँटेनासकट हात गजांमधून बाहेर गेला, आणि घरात कुणीतरी बोललं. हात आत घेतला, परत खरखर. अगं बाई! चारी बाजूंनी लोखंड, आणि मी येडी त्याला बाहेर म्हणत होते.

माळ्यावरून आकाशकंदिलाची लांब काठी काढली, टोकाला अँटेना बांधला आणि काठी ग्रिलमधून पार बाहेर सारली. समोरची गुजराती काकी ओरडली, "अरे, अभी से दिवाली?" मी म्हटलं, "हां काकी, हमारी आज ही है."

गोडदेवच्या बाजूला आभाळ जांभळं होत होतं. रेडिओतला आवाज फुगायचा, विरायचा, पुन्हा कुठूनसा जवळ यायचा. सोयाबीनचे भाव, मग कापसाचे. बाबा डोळे मिटून होते. शेतावर चालल्यासारखे त्यांचे पाय खुर्चीखाली हलत होते. मला उगाच वाटलं, खिडकीखाली रस्ता नाहीच, नुसतं काळं रान आहे. बराच वेळ कुणीच दिवा लावला नाही.

कार्यक्रम संपला. बाबांनी काठी आत ओढायला लावली, स्वतःच्या हाताने बॅटरी सोडवली आणि रुमालात गुंडाळली.

"उगं उतरंल," ते म्हणाले. "उद्या सांजच्याला लागंल."

"पायात येते," म्हणत मी दाराशी ठेवलेली बॅग उचलून आत नेली.