कॅसेटमधले गोंडी शब्द

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. सावली गावच्या बसस्टँडजवळ माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. एका सकाळी एक निवृत्त शिक्षिका चादरीत गुंडाळलेलं काहीतरी पोटाशी धरून आत आल्या. चादरीत जुना घरगुती कॉम्प्युटर निघाला. कीबोर्ड आणि मशीन एकातच, पडदा म्हणून टीव्ही जोडायचा, आणि लिहिलेलं साठवायचं साध्या कॅसेटवर. त्यांच्या भावानं तो परदेशातून आणला होता.

"भाऊ, हा सुधरते का? टीव्हीवर काही दिसत नाई, न् कॅसेटही वाचत नाई."

"कॅसेटमधी काय आहे, बाई?"

त्या स्टुलावर बसल्या. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या एका गावात त्यांची सारी नोकरी गेली होती. "पहिल्या वर्षी पोरांले माझं समजे नाई, मले त्यायचं. म्हणून गोंडी शब्द लिहायले लागली. वह्या उधईनं खाल्ल्या. टाइप केलं होतं, तेवढंच आता उरलं."

तसलं मशीन मी आयुष्यात उघडलं नव्हतं. तरी हो म्हणून बसलो.

टीव्हीचं सॉकेट सोपं निघालं. आतला गंज खरवडला, तसं चित्र आलं. कॅसेटच्या सॉकेटात मात्र पिन नुसती हलत होती. ते काढायची मला घाई झाली. इस्त्रीगत तापलेलं सोल्डरिंगचं टोक मी जरा जास्तच टेकवलं आणि सॉकेटाबरोबर खालची, कॅसेटचा आवाज आत नेणारी तांब्याची रेघही सालीसारखी निघून आली.

बाईंना सांगितलं, "पार्ट यायचा आहे." मग चार दिवस जीव थाऱ्यावर नव्हता. लोकांचे रेडिओ उघडायचो, तसेच ठेवायचो. बस थांबली की आधी रस्त्याकडं बघायचो. जेवताना बायको म्हणाली, "काऊन असे करून राह्यले?" तिलाही पार्टचंच सांगितलं.

पाचव्या दिवशी बाई आल्या. मी मशीन उलटं करून दाखवलं. "पार्टचं खोटं सांगतलं, बाई. माझ्या हातानं हे उखडलं."

त्यांनी उखडलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "मग आता?"

"वरून तार जोडून पाहतो. जमलंच असं नाई."

"जोडा. मी इथीच बसतो. घरी तरी कुठी चित्त लागते?"

त्या बसल्या. मी केसासारखी तार जोडली, बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरचं सॉकेट लावलं. दुकानातला चालू टेपरेकॉर्डर मशीनला जोडून कॅसेट लावली. कर्कश आवाज झाला, पडद्यावर चूक दाखवली. फीत वाचणाऱ्या हेडचा स्क्रू कणकण फिरवत पुन्हा लावली. तिसऱ्या खेपेला इंग्रजी अक्षरांतली ओळ उमटली. येर, पाणी. नार, गाव. मरा, झाड.

बाई स्टुलावरून उठून उभ्याच राहिल्या. मला मात्र आनंदही धड करता येईना. नव्या कॅसेटवर साठवायचं वेगळं सॉकेटही मेलेलं होतं, वीज गेली की मशीन सगळं विसरणार, आणि जुनी फीत पुन्हा वाचेल याचा भरवसा नव्हता. कॅसेटची नक्कल आधीच करून पाहिली होती. तिच्यात नुसती खरखर उतरली होती.

"बाई, वही काढा. लाईन कधी जाईल नेम नाई!"

मी वाचायचो, त्या लिहायच्या. पंख्याचा वेग जरा कमी झाला की माझा आवाज चढायचा. "हळू सांगा, भाऊ," त्या म्हणायच्या, आणि स्वतःच पेन दामटायच्या. घरातले शब्द झाले, शेतातले झाले. पाखरांचे सुरू होणार, इतक्यात पडदा काळा झाला.

वीज दुपारनंतर आली. कॅसेट लावली, तर टेपरेकॉर्डरनं फीतच ओढून घेतली. मी ती बोटानं सरळ करून पुन्हा पुन्हा लावली. एक अक्षर आलं नाही. बाईंनी वही बंद केली आणि विचारलं, "रविवारी सवड आहे?"

रविवारी आम्ही बसनं त्यांच्या जुन्या शाळेच्या गावी गेलो. एका अंगणात मोहाच्या झाडाखाली बाईंच्या ओळखीची एक गोंड म्हातारी बसली होती. बाई एकेका पाखराचं वर्णन करायच्या, ती नाव सांगायची. मग म्हातारीनं आधीचे शब्द वाचून दाखवायला सांगितले. ऐकता ऐकता ती हसायला लागली, मान हलवून बाईंना दुसरेच शब्द सांगायला लागली.

बाईंनी कॅसेटमधून वाचवलेला एक शब्द खोडला. मग आणखी एक.

"बाई, खोडता काऊन?" माझ्यानं राहवलं नाही.

"चुकले होते ना, भाऊ," त्या म्हणाल्या, आणि वही म्हातारीच्या जवळ सरकवून नव्यानं लिहायला लागल्या.