माझे जामीनदार गेले

माझे जामीनदार काल पहाटे गेले.

नात्याने ते माझे मोठेबाबा, वडिलांचे मोठे भाऊ.

सकाळपासून रिठद गावातल्या आमच्या घरी माणसांची रीघ लागली आहे. जो येतो तो म्हणतो, "लय भोळा माणूस होता."

साफ खोटं.

हा माणूस दुकानातून मीठ आणलं तरी आधी जिभेवर ठेवून बघायचा. माझ्या शिक्षणाच्या कर्जाला जामीन राहिले तेव्हा सहीसाठी पेन घरून नेलं. बँकेच्या पेनाची शाई उडते म्हणे!

हा संशय माझ्यातही पुरेपूर उतरलाय. लॅबमध्ये कुठलाही रिझल्ट मी पहिल्या फटक्यात खरा मानत नाही.

बाबा मी कॉलेजात असतानाच गेले. पुढचं सगळं मोठेबाबांनी बघितलं.

शिकून मी नागपूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत लागले. साप चावल्यावर देतात त्या औषधावर आमचं संशोधन चालतं. काम मनासारखं, पण हप्ता गेला की पगारातलं फार काही उरायचं नाही.

हैदराबादची एक कंपनी बोलावत होती. तिथे गेले असते तर कर्ज चुटकीसरशी फिटलं असतं.

पण हे काम सुटलं असतं. आणि मला ते सोडायचं नव्हतं.

तेवढ्यात ऑफिसात एक योजना आली. सरकारी संशोधकाने ठरलेली वर्षं इथेच काम करायचं, आणि सरकार दरवर्षी त्याच्या शिक्षणकर्जाचा काही भाग थेट बँकेत भरणार. मुख्य अट एकच, कर्जखातं नियमित हवं, म्हणजे एकही हप्ता थकलेला नको.

मी नाचतच मोठेबाबांना फोन केला.

"सरकार तुयं कर्ज फेडते? काहून?"

"मी इथंच राहावं म्हणून, मोठेबाबा."

"साप शेतकऱ्याले डसते पोरी, मंत्र्याले नाई. मंग त्याच्या दवाईवर सरकार पैसे कायले लावते? काहीतरी गोम हाय."

मी अट वाचून दाखवली. ते नुसतं "बरं" म्हणाले.

मोठेबाबा इतक्या लवकर "बरं" म्हणतात, तिथेच मला शंका यायला हवी होती.

कारण हप्ता त्यांच्या हातून जायचा. मी पैसे त्यांच्या खात्यावर पाठवायचे, ते काढून रिसोडच्या बँकेत स्वतः भरायचे. ऑटो डेबिट नामंजूर. "आपल्या खात्यात मशीन हात घालते म्हंजे काय?"

भरले की पावतीचा फोटो यायचा. अर्धी पावती, अर्धा अंगठा.

मग फोटो बंद झाले. विचारलं तर म्हणे फोन बिघडला.

आणि माझा अर्ज परत आला. खातं थकीत!

नागपूरहून निघाले ती थेट रिठदला. वाटभर एकच प्रश्न, पैसे गेले कुठे? अंगणात चुलतभावाची कोरी मोटरसायकल उभी दिसली आणि मी मनातल्या मनात निकाल लावून टाकला.

"मोठेबाबा, हप्ते काहून नाई भरले?"

ते आत गेले. बियाण्याच्या पोत्यामागून एक पिशवी आणून माझ्या मांडीवर ठेवली. सगळे पैसे जसेच्या तसे.

"म्या खाल्ले नाई. थकवून राह्यलो होतो."

"थकवून?"

"कर्जमाफ्या पाह्यल्या म्या. दरसाल टायमावर भरलं, मले ठेंगा. ज्यायनं थकवलं त्यायचं माफ. कागदावर काहीबी लिहू दे, सरकार थकलेल्याचंच फेडते. तू भरत राह्यली असती त नाव उडालं असतं तुयं."

हसावं की रडावं, कळेना.

ही कर्जमाफी नाही, इथे वेळेवर भरणाऱ्यालाच मिळतं, हे मी पुन्हा समजावलं. सरकारी कागदावर लिहिलेलं खरंही असू शकतं, हा त्यांना मोठाच धक्का होता.

"मले वाटलं तुमी पैसे गाडीत घातले," मी बोलून टाकलं.

त्यावर गडी चक्क खूश झाला. "बेस केलं! पैशात माह्यावरबी भरोसा नको ठेवू."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बँकेत जाऊन सगळं भरून आलो. तिथले साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "हप्ता थकला की जामीनदाराचंही नाव खराब होतं, हे आम्ही त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, होऊ द्या."

आयुष्यात एकदाही हप्ता न थकवलेला माणूस. त्याच्या स्वतःच्या पीककर्जाची फाइल त्या हंगामात अडकली. हे मला मोठीआईने कितीतरी नंतर सांगितलं. पोरीला कळू द्यायचं नाही, अशी तिला ताकीद होती.

पुढच्या वर्षी अर्ज मंजूर झाला. यंदा सरकारने पहिला भाग भरला. मी मेसेज पाठवला, तर म्हणे मेसेज खोटा असतो. रिसोडला जाऊन पासबुक छापून आणलं, तेव्हा कुठे पटलं.

तेही अर्धंच. "एक डाव भरलं. पुढच्या साली भरते याची काय ग्यारंटी?"

आज दुपारी बँकेचे साहेब येऊन गेले. चहा घेतला, हात जोडले. निघताना दारात हळूच म्हणाले, "मॅडम, घाई नाही. पण नवीन जामीनदार द्यावा लागेल."

ओसरी माणसांनी भरलेली होती. प्रत्येक जण सकाळपासून म्हणत होता, "काही लागलं त सांग."

मी एकेकाचा चेहरा बघत गेले.

सही करणारा कोणीतरी मिळेल. योजना चालू राहील, लॅबही सुटणार नाही. पण माझ्यासाठी "होऊ द्या खराब" म्हणणारा माणूस मी कुठून आणू?

मोठेबाबा, भरल्या डोळ्यांनी निरोप. तुमची फार आठवण येतेय.