मुरुमांची ट्यूब

काल औषधाच्या खोक्यातून बारीक घड्यांचा कागद निघाला आणि धुळ्याच्या घरातली ती दुपार आठवली. मी तेव्हा अकरावीत होते. डॉक्टरांनी दिलेली मुरुमांची ट्यूब रोज रात्री वाटाण्याएवढी लावायचे. सावद्याहून लग्न होऊन आलेल्या वहिनीच्या गालांवरही फोड उठले होते. तिने ट्यूब मागितली, तेव्हा मी कागदावरचं इंग्रजी वाचून तिला मराठीत सांगितलं, की दिवस गेलेल्या बाईने हे लावायचं नाही. तिला दुसरा महिना होता आणि ते फक्त दादाला आणि मला माहीत होतं. “तीन महिने होईपर्यंत कुणाला बोलू नका, ताई,” म्हणत तिने माझा हात धरला होता. आठवड्याने आत्या आली. सगळ्यांबरोबर केळीचे वेफर्स खाताना तिने वहिनीच्या गालांवरच्या फोडांकडे बघत विचारलं, “तोंडले काही लावत नही का वं?” वहिनी खाली बघत म्हणाली, “ताईंकडे औषध आहे, पण त्या हात लावू देत नाहीत.” “बठ्ठं रूप तुलेच जोयजे का वं?” आत्या माझ्याकडे वळून म्हणाली. सगळं रूप मला एकटीलाच हवं, या थट्टेवर सगळे हसले, आईसुद्धा. मी वहिनीकडे पाहिलं. ती रिकामी ताटली उचलून आत गेली. खरं कारण माझ्या ओठांवर आलं होतं, पण ते सांगायचा हक्क तिचा होता. चौथ्या महिन्यात आईने गल्लीभर पेढे वाटले, तेव्हा ट्यूबची आठवण कुणालाच झाली नाही. आजही कुणी माझ्याकडे काही मागितलं, की आई हसून म्हणते, “ती नाही द्यायची,” आणि वहिनी शेजारी बसून ऐकते.