साखळीला दोन वेढे

या ग्रुपवर मी दोन वर्षं आहे, पण आजवर फक्त कमेंट करत आले. कुणी लिहिलं की पडदा आपोआप हलला, तर खाली "खिडकीचं रबर तपासा" म्हणणारी ती आगाऊ बाई मीच. त्यामुळे आज माझीच पोस्ट बघून कुणाला हसू आलं तर हसून घ्या… तुमच्या जागी मी असते तर मीही सोडलं नसतं.

मी विद्या. मूळची नागपूरची, सतरा वर्षं झाली मिशिगनमध्ये नोव्हायला आहे. गाड्यांचे ब्रेक टेस्ट करणं हे माझं काम. गाडी किती फुटांवर थांबली हे मोजून दाखवल्याशिवाय आमच्याकडे कुणी कुणाचं ऐकत नाही. घरीसुद्धा मी तशीच वागते असं माझा नवरा संदीप म्हणतो, आणि ते खरं आहे.

आणि हो, मी हरणाची शिकार करते. लायसन्स काढून, सीझनमध्ये, नियमाने. "अरेरे, बिचारं हरीण" लिहायच्या आधी काल रात्री चिकन खाल्लं का ते आठवा. वर्षाला एकच. संदीप बंदुकीला हात लावत नाही, पण त्या मटणाचा सावजी रस्सा असा करतो की आधी नाकं मुरडणारे पाहुणे नंतर डबा भरून मागतात.

शिकार मला शिकवली वॉल्टकाकांनी. आमच्याच ऑफिसमधून रिटायर झालेले, सत्तरीचे अमेरिकन गृहस्थ. आमच्या घरी त्यांना काकाच म्हणतात. नोव्हायपासून दीड तासावर त्यांची चाळीस एकर जागा आहे, अर्धी शेती आणि अर्धं जंगल. पहिल्या दिवशी बंदूक हातात द्यायच्या आधी ते म्हणाले होते, "मारलेलं जनावर शोधल्याशिवाय घरी यायचं नाही. आणि ते कुंपणापलीकडे गेलं, तर मालकाला विचारल्याशिवाय पलीकडे पाऊल टाकायचं नाही."

मी म्हटलं, "काका, मालक नाही म्हणाला तर दोन्ही कसं जमायचं?"

"नाही जमणार. म्हणून गोळी सोडायच्या आधी दहादा विचार कर."

ही गोष्ट गेल्या नोव्हेंबरची. वॉल्टकाकांचा गुडघा बदललेला, दोन सीझन ते जागेवर फिरकले नव्हते, म्हणून शनिवारी मी एकटीच गेले. तीन आठवड्यांनी माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुपारी दीडला मचाणावरून एक मोठा नर दिसला. बाजू माझ्याकडे करून उभा, मध्ये एक फांदी नाही. मी गोळी सोडली आणि त्याच क्षणी त्याने पाऊल पुढे टाकलं… गोळी जिथे लागायला हवी होती त्याच्या वीतभर मागे लागली. तो पाठ वाकवून पळाला. शिकारीच्या सहा वर्षांत असं पहिल्यांदा झालं होतं. चूक माझी होती, आणि तिची शिक्षा तो भोगत होता.

शिकवल्याप्रमाणे अर्धा तास गप्प बसून राहिले, कारण लगेच मागे लागलं की जखमी जनावर आणखी लांब पळतं. मग रक्ताचा माग काढत गेले. माग थेट कुंपणाशी गेला. तारेवर रक्त, पलीकडच्या गवतावर रक्त, आणि मधल्या खांबावर पाटी – आत येऊ नये.

आता आली का पंचाईत! कुंपण कमरेएवढं. पलीकडे चिटपाखरू नाही. पाच वाजता अंधार पडणार, आणि रात्री कोल्ह्याच्या जातीची कायोटी येऊन जिवंत असेल तर जिवंतच फाडणार. उडी मारून गेले असते तर कुणाला कळलं असतं? एक पाय मी खालच्या तारेवर ठेवलाही होता, खोटं कशाला सांगू. पण बंदूक घेऊन दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं हा इथे गुन्हा, आणि सिटिझनशिपच्या अर्जात सरळ विचारतात – तुमच्यावर कधी केस झाली आहे का?

वॉल्टकाकांना फोन केला.

"ते मिसेस डॉयलचं घर," ते म्हणाले. "कडक बाई आहे. माझ्याकडे नंबर नाही. बंदूक गाडीत ठेव, रस्त्याने फिरून जा आणि बेल वाजव."

गेले. पांढरं घर, मागे सफरचंदाची जुनी झाडं, बाजूला साखळीचं लोखंडी फाटक. दाराला कॅमेरावाली बेल होती. बेल दाबली. कुणी नाही. परत दाबली. मग त्या बेलसमोरच उभी राहून सगळं सांगितलं – मी विद्या, वॉल्टच्या जागेवर शिकार करते, माझं जखमी हरीण तुमच्याकडे आलंय, घेऊ का? उत्तर आलं नाही म्हणून वळले आणि पायरी उतरले.

"गोळी तू मारलीस ना?"

म्हातारीचा आवाज. खरखरीत, पण दमदार. बेलच्या स्पीकरमधून आला असं मला वाटलं.

"हो मॅडम. नीट लागली नाही. सॉरी."

"सॉरी मला कशाला म्हणतेस? तो झऱ्यापाशी पडलाय, सफरचंदाच्या मागे. सिमेंटचं कडं दिसेल. गाडी आत घालू नको, जमीन भिजलेली आहे."

"थँक यू मॅडम."

"आणि फाटक लाव. साखळीला दोन वेढे दे. एका वेढ्याने सुटते, आणि मग पेनी रस्त्यावर जाते."

मी म्हटलं, "दोन वेढे. हो मॅडम." पेनी म्हणजे कुत्री असेल असं धरून चालले.

माग काढावाच लागला नाही. सरळ झऱ्याशी गेले. सिमेंटच्या कड्याला डोकं टेकून तो पडला होता. गेलेला, पण अंग गरम होतं. त्याच्या मानेवर हात ठेवून मी माफी मागितली, मराठीत. मग त्याला लायसन्सचा टॅग बांधला, प्लॅस्टिकच्या स्लेडवर म्हणजे घसरपाटीवर घालून ओढत बाहेर आणला, साखळीला दोन वेढे दिले आणि बेलसमोर परत थँक यू म्हटलं. उत्तर आलं नाही. मला काही विचित्रही वाटलं नाही. म्हातारं माणूस, थंडीत कशाला बोलेल?

दहा दिवसांनी दुपारी वॉल्टकाकांचा फोन आला. मी घरूनच काम करत होते.

"विद्या, तू विचारलं होतंस ना?"

"हो काका. त्या हो म्हणाल्या."

"कोण त्या?"

"मिसेस डॉयल."

फोनवर शांतता. मग ते म्हणाले, "तिचा मुलगा ग्रेग ओहायोहून बोललाय. दोन वर्षं त्या घरात कुणीच राहत नाही. कॅमेऱ्यात तू दिसतेस. तो तक्रार करणार म्हणतोय."

पाचावर धारण बसली माझी. भुताने नव्हे हो, इंटरव्ह्यूने! सतरा वर्षं एक पार्किंग तिकीट नाही आणि आता हे. पण त्याहून वाईट होती ती काकांची शांतता. मी खोटं बोलतेय असं त्यांना वाटत होतं, हे मला ऐकू येत होतं.

संदीप म्हणाला, "दुकानातलं मटण खाऊन माणूस मरत नाही, हे मी कधीपासून सांगतोय. आता एक अक्षर बोलू नको, वकिलाला फोन कर."

"मी विचारलं होतं, संदीप! गप्प कशाला बसू?"

ग्रेगला फोन लावला. वॉल्टकाकाही लाइनवर होते. ग्रेगने आधी व्हिडिओ पाठवला, तो आम्ही पाहिला. मी बेल दाबते, बोलते, वळते, पायरी उतरते. मग गर्रकन मागे फिरते. "हो मॅडम," म्हणते. थांबते. "थँक यू मॅडम," म्हणते. परत थांबते, मान हलवते, "दोन वेढे. हो मॅडम." माझ्या प्रत्येक थांबण्यात फक्त वारा. दुसरा आवाजच नाही.

संदीप माझ्याकडे बघायचं टाळत होता.

"हुशार आहात," ग्रेग म्हणाला. "कॅमेऱ्यासमोर परवानगीचं नाटक केलंत. त्या बेलचा स्पीकर मी कधी जोडलेलाच नाही."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "हे बघा, चोरीच करायची असती तर मी कुंपणावरून उडी मारली असती. बंदूक गाडीत ठेवून, वळसा घालून, कॅमेऱ्यात नाव-गाव सांगायला मी वेडी आहे का? तुमच्या घरातून एक बाई बोलली. कोण होती ते तुम्ही सांगा!"

"बरं. मग ती काय म्हणाली ते सांगा. शब्दन् शब्द."

मी सांगितलं. झरा, सिमेंटचं कडं, भिजलेली जमीन. "आणि फाटकाला दोन वेढे दे, एका वेढ्याने साखळी सुटते, मग पेनी रस्त्यावर जाते."



"पेनी माझं शिंगरू होतं," ग्रेग म्हणाला. आवाज पार बदललेला. "मी सात वर्षांचा होतो. मी घाईत साखळीला एकच वेढा दिला. पेनी ट्रकखाली गेली. माझा बाप फार तापट होता… आई त्याला म्हणाली, फाटक मी लावलं होतं. हे तिला आणि मलाच माहीत आहे. माझ्या बायकोलासुद्धा मी सांगितलेलं नाही."

मी कसंबसं विचारलं, "आई कधी गेल्या?"

"गेली? छे. ती नर्सिंग होममध्ये आहे, तिथून चाळीस मैलांवर. दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक आला. तेव्हापासून ती एक शब्द बोललेली नाही."

मग ग्रेगच पुढे म्हणाला, "जमीन अजून तिच्याच नावावर आहे. ती हो म्हणाली असेल तर मी नाही म्हणणारा कोण?" तक्रार झाली नाही. फोन ठेवताना वॉल्टकाका म्हणाले, "तुझ्यावर संशय घ्यायला नको होता मी, पोरी." मी रडले. उगाच कशाला लपवू?

इंटरव्ह्यूत तो केसचा प्रश्न आला. मी "नो" म्हटलं आणि आवाज जराही हलला नाही.

डिसेंबरमध्ये ग्रेग आईला भेटायला आला. मला म्हणाला, तुम्ही याल का, मला एकट्याला धीर होत नाही. दुपारची वेळ, खिडकीशी खुर्चीत मिसेस डॉयल बसलेल्या. चिमणीएवढी बाई, उजवा हात मांडीवर निर्जीव. माझ्याकडे पाहिलं, पण ओळख वगैरे काही दिसली नाही. मी म्हटलं, "मॅडम, मी फाटक लावलं होतं. दोन वेढे दिले." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मग ग्रेग खाली बसला. पन्नाशी उलटलेला, सहा फुटी गडी. "आई, पेनीचं… तू माझ्यासाठी मार खाल्लास. मी तुला कधी सॉरी म्हटलंच नाही."

म्हातारीने मान वळवली. चांगला होता तो डावा हात उचलला आणि ग्रेगच्या मनगटाभोवती एक बोट फिरवलं. एकदा, सावकाश. मग पुन्हा एकदा. आणि त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

आता कमेंटमध्ये रबर तपासायला सांगणाऱ्यांसाठी – तपासलं. ग्रेगने माझ्यासमोर बेल उघडली, स्पीकरची वायर खरंच जोडलेली नव्हती. आसपास घर नाही. भास म्हणावा तर झऱ्याची जागा आणि पेनीचं नाव माझ्या डोक्यात आलं कुठून? त्या दुपारी ग्रेगची आई काय करत होती, हे नर्सिंग होममध्ये विचारलं. खिडकीशी बसली होती, रोजच्यासारखी. यापुढे माझ्याकडे उत्तर नाही, आणि उत्तर नसताना ठोकून द्यायची मला सवय नाही.

सीझन परत आला की मी पहिल्या दिवशी त्या दारापाशी जाणार आहे. हरीण पलीकडे जावो न जावो, बेल दाबून आधी विचारणार. फाटक लावताना दोन वेढे देणार, हे वेगळं सांगायला नको.